अव्वाचा नियम

“वेळ सांगत न्हाई, वार सांगत न्हाई, नुसतं मनगटाला चिकटून बसलंय. जावयासारखं.”

अव्वा हे कुणाला उद्देशून म्हणत नव्हती. ती दोडक्याच्या शिरा काढत होती आणि दोडक्यालाच सांगत होती. तिच्यापासून हातभर अंतरावर, फ्रिजच्या दाराआड, तिची सून शर्वरी पाणी पीत उभी होती. तिनं ऐकलं, आणि न ऐकल्यासारखं करून दार लावलं.

“अंघोळीपुरतं तरी काढून ठेवू का गं?” अव्वानं आता मोठ्यानं विचारलं.

“नाही काढायचं, अव्वा. पाण्यात काही होत नाही त्याला.”

“त्याला होत न्हाई. मला होतंय. सोन्याचं असतं तर एका शब्दानं बोलले नसते.”

करड्या रंगाचा, बोटभर रुंदीचा, तबकडी नसलेला तो पट्टा घरातल्या चौघांच्याही हातावर होता. अव्वाच्या, तिचा मुलगा सम्मेदच्या, शर्वरीच्या आणि चार वर्षांच्या स्वस्तीच्या. स्वस्तीच्या पट्ट्यावर त्या परक्या देशानं एक हसरा मासा चिकटवून पाठवला होता. लहान मुलांचा विचार करणारा देश होता तो. सगळं तिथूनच बिघडलं.

शर्वरी मूळची साताऱ्याची, मोहित्यांची. इंजिनियरिंगला असताना सम्मेद बिरनाळेशी जमलं, दोन्ही घरची तोंडं वर्षभर फुगली, मग लग्न झालं आणि ती जयसिंगपूरच्या बाराव्या गल्लीत आली. सम्मेदचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान. सासू विधवा, जैन धर्म कडक पाळणारी, पण सुनेवर डाफरणारी नव्हे. स्वस्ति बोलायला लागली तसं तिनं आजीला ‘अव्वा’ हाक मारली आणि मग पोटच्या मुलासकट सगळ्यांची ती अव्वाच झाली.

स्वस्ति चालायला लागली त्याच सुमारास शर्वरीला उत्तरेकडच्या एका थंड देशातून पीएचडीसाठी बोलावणं आलं. कुटुंबासह या, घर देऊ, पाळणाघर देऊ, असं विद्यापीठानं आवर्जून कळवलं होतं. “तू हो पुढं,” सम्मेद म्हणाला, “एक सत्र झालं की आम्ही आलोच.” जणू शिरोळची एसटी पकडायची होती. शर्वरी पुढे झाली. एकेक सत्र लांबत गेलं, आणि ती तिकडे असतानाच नियम बदलले.

आता यात तिचाही थोडा हात होता, म्हणून तिचा विषय समजून घ्यायला हवा.

माणसाचं हृदय घड्याळासारखं एका चालीत चालत नाही. श्वास आत घेतला की ठोके किंचित भराभर पडतात, सोडला की सावकाश. म्हणजे ठोक्यांचा लगाम श्वासाच्या हातात असतो. आणि एकमेकांना सरावलेली दोन माणसं जवळ असली की त्यांचे श्वास नकळत जुळतात, श्वासांमागून ठोके. देवळात आरतीला टाळ्या सुरू होतात तेव्हा ज्याची त्याची टाळी वेगळी असते. जरा वेळानं कुणी न सांगता सगळ्यांची एक होते. तसंच हे. तान्ह्या बाळाला तर स्वतःची लय धरताच येत नाही. ते आईची उसनी घेतं. “माया म्हणजे उसनी लय,” असं शर्वरी एकदा फोनवर म्हणाली होती, तेव्हा सम्मेद म्हणाला होता, “हे लग्नपत्रिकेत छापायला पाहिजे होतं.”

अपुऱ्या दिवसांची बाळं काचेच्या पेटीत असतात, आई बाहेर. शर्वरीच्या प्रयोगशाळेनं त्यांच्यासाठी पट्टा केला. आईच्या मनगटाला एक, बाळाच्या पायाला एवढासा एक. आईची लय त्यातून बाळाच्या कातडीवर उबदार थापेसारखी पोचायची. पेटीतली बाळं तगायला लागली. चांगलं काम होतं. दुसऱ्यांची बाळं तगवायला आपलं बाळ साता समुद्रापलीकडे ठेवून आलेली बाई, असं काही शर्वरीच्या मनात येत नसे असं नाही. पण ते येऊन काम थांबत नव्हतं.

पुढे कुणाच्या तरी लक्षात आलं की जो पट्टा लय पोचवतो तो लय मोजूही शकतो. कोण माणूस कुणाकडून किती लय उसनी घेतो, हे आकड्यात सांगता येतं. आणि मोजता येतं म्हटल्यावर सरकार येतंच. त्या देशात विद्यार्थ्यांबरोबर कागदावरच्या बायका, कागदावरची मुलं फार यायला लागली होती. कागद खोटं बोलतो, नाडी बोलत नाही, असं म्हणून त्यांनी कायदा केला. विद्यार्थ्याचं कुटुंब म्हणजे जोडीदार आणि मूल, आणि त्यांची एकमेकांकडे असलेली ओढ पट्ट्यावर दिसली पाहिजे. मुलांसाठी आणखी एक कलम होतं: मूल ज्या माणसाकडे सगळ्यात जास्त ओढलेलं आहे, त्याच्यापासून त्याला तोडून आणता येणार नाही. ते क्रौर्य आहे.

कलम चांगल्या मनानं लिहिलेलं होतं. वाईट मनाचं कलम लगेच ओळखू येतं, त्याच्याशी भांडता येतं. याच्याशी कसं भांडणार?

विद्यार्थ्याच्या कुटुंबात आजी बसत नव्हती. आणि पाच वर्षं पुरी झालेलं मूल या वाटेनं येऊ शकत नव्हतं. स्वस्तीला पाच पुरी व्हायला एक चातुर्मास उरला होता. या खेपेला जमलं तर जमलं. नाहीतर अभ्यास संपेपर्यंत, म्हणजे आणखी तीन वर्षं, शर्वरी तिकडे आणि ही तिघं इकडे. म्हणून ती विद्यापीठातून सुटी काढून आली होती. “सोडून ये की मग ते,” असं गल्लीतल्या बायका सहज म्हणत. तिला दोन्ही हवं होतं, काम आणि मूल. यात जगावेगळं काही नव्हतं. पुरुषांना ते मागावंसुद्धा लागत नाही.

पट्टे बांधून पंधरवडा झाला तेव्हा त्या देशातल्या अधिकारी बाई टीव्हीच्या पडद्यावर आल्या. हेलविग त्यांचं नाव. पांढरे केस, हसरा चेहरा, मागं खिडकीत कुंडी. बोलायच्या त्यांच्या भाषेत, आणि पडद्यातून मराठी यायचं ते एका पुरुषाच्या आवाजात, बातम्या वाचल्यासारखं.

“अपत्याची मातेविषयी आसक्ती अल्प,” आवाज म्हणाला. “पित्याविषयी मध्यम. पितामहीविषयी अतिशय.”

“पितामही कोण?” अव्वानं विचारलं.

“तू,” सम्मेद म्हणाला.

“मग आजी म्हण की सरळ.”

“मातेचे स्थान सध्या अतिथीसमान आहे,” आवाज म्हणाला.

शर्वरीला त्यांची भाषा येत होती. हेलविगनं ते बरंच हळुवार सांगितलं होतं, तुम्ही खूप दिवसांनी घरी आलात ना, असं. पण मराठीत ते तसं पडलं. सम्मेदनं उगाच चहाचे कप गोळा केले.

मग हेलविगनी उपाय सांगितला. ओढ पालटता येते. आजीची लय मुलाच्या लयीशी जुळायला लागली की आजीचा पट्टा तिला बारीकशी टोचणी देईल. दुखणार नाही, नुसती टोचणी. मन काही म्हणो, शरीर आपोआप त्या लयीतून निसटायला शिकतं. त्याच वेळी आईची लय मुलाच्या पट्ट्यातून थाप होऊन त्याला मिळत राहील. काचेतल्या बाळांना मिळायची तशी. “आजींनी थोडं थोडं सोडत जायचं,” हेलविग त्यांच्या भाषेत म्हणाल्या. “अगदी सावकाश. जागा रिकामी होत जाईल तसं मूल आईकडे सरकेल.”

पडद्यातला आवाज म्हणाला, “पितामहींनी आसक्तीचा त्याग करावा. त्यायोगे अपत्याचे कल्याण होईल.”

भिंतीला टेकून बसलेली अव्वा ताठ झाली.

“परत म्हणायला लाव.”

आवाजानं परत म्हटलं, शब्द न शब्द तेच.

“ही बाई जैन हाय?” अव्वानं विचारलं.

सम्मेद खदाखदा हसला. शर्वरीलाही हसू आलं. हेलविगना काही कळलं नाही, पण त्याही हसल्या. त्या हसण्यात ‘थोडं थोडं’ आणि ‘सावकाश’ हे दोन शब्द कुठे पडले ते पडलेच. कुणी वाकून उचलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी अव्वा पांढरी साडी नेसून मंदिरात गेली. चातुर्मासासाठी एक माताजी, म्हणजे जैन साध्वी, येऊन राहिल्या होत्या, आणि त्यांच्या प्रवचनात रोज हेच चाललेलं असायचं: आसक्ती हे दुःखाचं मूळ, त्याग हे औषध. अव्वाला त्यागाची सवय होती. जैन घरातली बाई नियम घेते म्हणजे देवापुढे उभी राहून एखादी गोष्ट ठरावीक मुदतीसाठी सोडते, आणि मुदत संपेपर्यंत तिला शिवत नाही. अव्वानं बटाटा सोडला होता, मध सोडला होता. नवरा गेला त्या वर्षी गूळ सोडला होता, कारण गुळाच्या खड्याबरोबर पाणी पिणं ही दोघांची दुपारची रीत होती. एकही नियम तिनं मोडला नव्हता.

ती परत आली तेव्हा सम्मेद दुकानाला निघाला होता.

“स्वस्तीचा नियम घेतलाय,” तिनं चपला काढता काढता सांगितलं. “इमानात बसंपर्यंत.”

“म्हणजे काय केलंस?”

“म्हणजे सोडली. मांडीवर घेणार न्हाई, घास भरवणार न्हाई, तिच्यासंगं णमोकार म्हणणार न्हाई. हाक मारली तर ओ दीन. तेवढं ठेवलंय.”

“अव्वा, पोरगी म्हणजे काय बटाटा हाय?”

“बटाटा सोडला तवाबी असाच हसला होतास. अजून खाल्ला न्हाई मी.”

शर्वरी पुढे आली. “अव्वा, त्या बाईंचं म्हणणं होतं की हळूहळू...”

“हळूहळू सोडतंय व्हय कोण? हळूहळू सोडलेलं परत हातात येतंय. मला विचार.”

हे शर्वरीला पटलं नाही. पण ते तिच्या सोयीचं होतं.

त्या घरात सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकत. मग दिवा लागे, आणि स्वस्ति अव्वाच्या मांडीवर बसून तिच्याबरोबर जैनांचा णमोकार मंत्र म्हणे. नऊ वेळा. एक णमोकार तीन श्वासांत, असं अव्वाला तिच्या आईनं शिकवलं होतं; तिनं नातीला शिकवलं होतं ते न शिकवताच, पोटाला पाठ टेकून बसवून. तेवढ्या वेळात पट्ट्यांच्या आलेखावर दोघींच्या रेषांची एक रेष होताना शर्वरीनं पाहिली होती. इतका स्वच्छ आलेख तिला प्रयोगशाळेतही कधी मिळाला नव्हता.

नियमाच्या पहिल्या संध्याकाळी अव्वा मागच्या पडवीत, धुण्याच्या दगडाशी जाऊन बसली आणि ओठ मिटून मनातल्या मनात म्हणायला लागली. तरी पट्टा टोचत राहिला. दाराच्या अलीकडे स्वस्ति बसली होती. तीही तीन-तीन श्वास घेत होती.

“अव्वा!” ती दारावर थापा मारायची.

“ओ,” अव्वा म्हणायची. तेवढं तिनं ठेवलं होतं. पण दार उघडायची नाही.

चार संध्याकाळी असं झाल्यावर अव्वा त्या वेळेला घराबाहेरच पडायला लागली. गल्लीच्या टोकाला पिठाची गिरणी होती, तिथल्या बाकावर बसायची. गिरणीच्या आवाजात हाक ऐकू यायची नाही, म्हणजे ओ द्यावी लागायची नाही.

मांडीवर आता शर्वरी घ्यायची. णमोकार तिला लग्नानंतर पाठ झाला होता, शब्द बरोबर होते. श्वास चुकत होते.

“मम्मी, हितं श्वास न्हाई घ्यायचा,” स्वस्ति सांगायची.

“मग कुठं?”

“अव्वा घेती तितं.”

“अव्वा कुठं घेते?”

स्वस्तीला ते सांगता यायचं नाही. ती शर्वरीच्या पोटावर हात ठेवून म्हणायची, “आत्ता... न्हाई, आत्ता न्हाई... तू आदीच घेतलास!” शर्वरी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. मग स्वस्ति मनगट झटकायची. “ह्यो मासा सारखा धडधडतोय. त्याला गप कर.” मासा म्हणजे शर्वरीचंच काळीज होतं, पण हे चार वर्षांच्या मुलीला कसं सांगणार?

एके दिवशी स्वस्तीनं चूक काढली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. माशाबद्दलही ती काही म्हणाली नाही.

“बघ, जमायला लागलं तुझं,” सम्मेद म्हणाला.

जमलेलं नव्हतं. शर्वरी अजून तिथेच चुकत होती.

पण आकडे तर बोलत होते. अव्वाचा आकडा असा उतरला की हेलविगनी खुर्ची पुढे ओढून पुन्हा पाहिला. इतक्या लवकर त्यांच्या देशात कुणाचा उतरला नव्हता म्हणे. “पितामहींचे वैराग्य अनुकरणीय आहे,” आवाज म्हणाला. अव्वानं हात जोडले. जोडलेल्या हातांवरून पदर सरकला, आणि मनगटावर मुंग्या डसल्यासारखी बारीक लाल ठिपक्यांची ओळ दिसली. तिनं पदर ओढून घेतला.

शर्वरीचा आकडा जरासा चढला होता, नाही चढला म्हणता येईल इतकाच. पण कायद्याला आई आजीच्या पुढे आहे का एवढंच बघायचं होतं. अव्वा खाली गेल्यावर शर्वरी पुढे आली. एकटीच धावणारीचा पहिला नंबर येतो, तसा तिचा आला. सम्मेदनं पेढे आणले.

आणि स्वस्ति शहाणी झाली. शेजारच्या उपाध्येकाकू रोज म्हणायच्या, “काय गं बाई, किती शहाणी झाली पोर! आमची नातवंडं बघा, नुसती माकडं.” ताटात पडेल ते स्वस्ति खायची. वेणी घालताना मान हलवायची नाही. झोपेतून उठली की पलंगावर बसून राहायची, कुणी येऊन उतरवेपर्यंत. आणि आल्यागेल्याला ‘अव्वा कुठाय’ असं तिचं विचारणं थांबलं होतं.

एका दुपारी सम्मेदनं तिला दुकानात नेलं होतं. संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, “आज पडली गं ही. नळीच्या वेटोळ्यात पाय अडकला. गुडघा फुटला, पण रडली न्हाई. धीट झाली.”

“अगं बाई,” अव्वा ताटाकडे बघत म्हणाली. “धीट झाली.”

जेवणं झाल्यावर मोरीपाशी हात धुताना सम्मेद शर्वरीला हळूच म्हणाला, “पोरं पडली की आधी इकडंतिकडं बघतात ना, कोण हाय जवळ म्हणून? मग रडतात. हिनं बघितलंच न्हाई. रक्त पुसलं स्वतःच, फ्रॉकला.”

“दमली असेल.”

“हां,” तो म्हणाला. “दमली असंल.” आणि नळ उगाच सोडून परत हात धुतले.

शर्वरीला माहीत होतं. घरातल्या तिघांत तिलाच नेमकं माहीत होतं. पट्ट्यांच्या कामासाठी ती जायची त्या काचेच्या पेट्यांच्या वॉर्डात अशी दोन-तीन बाळं असायची ज्यांना भेटायला कुणी यायचं नाही. सगळ्यात गुणी बाळं ती. रडायची नाहीत. नव्या नर्सबाई त्यांचं कौतुक करायच्या, जुन्या करायच्या नाहीत. त्यांच्या हृदयाचे ठोके एकसारखे पडायचे, घड्याळासारखे. श्वास आत गेला काय, बाहेर आला काय, ठोक्याला त्याचं काही नाही. निरोगी हृदय थोडं मागंपुढं होतं, कुणाकडे तरी झुकतं. एकसारखं चालायला लागलं की मोठे डॉक्टर खुर्ची सोडून उठायचे.

स्वस्तीची रेष गेले काही दिवस एकसारखी होती. हेलविगच्या तक्त्यात ती रेष विचारलेलीच नव्हती. तिथे दोन माणसांमधलं अंतर मोजायचे. एक माणूस एकटं झालंय का, हा प्रश्न कुणाला सुचला नव्हता. शर्वरीलाही सुचला नव्हता, पट्टा बनवताना.

दुसऱ्या दिवशी दुपारी अव्वा पडवीत मूग निवडत बसली होती. शर्वरी तिच्याजवळ जाऊन बसली, मूग पुढे ओढून निवडायला लागली. बराच वेळ दोघी खडे काढत राहिल्या. मुगात फार खडे नव्हते.

“अव्वा, आज संध्याकाळी तिला मांडीवर घ्या. एकदाच.”

अव्वाचा हात थांबला. “नियम मोडायला सांगतीस?”

“मोडायला नाही. एक दिवस...”

“एक दिवस मोडलेला नियम मोडलेलाच असतोय.” तिनं सूप खाली ठेवलं. “आणि ऐक. मोडीन मी. पाप लागंल ते लागू दे, तेवढं काय भ्यायचं न्हाई आता. पण एकदा घेतली तर परत सोडवंल का मला? न्हाई सोडवायचं. मग तू एकटी जाशील. हितं दारात उभी राहून रडशील आणि जाशील. आणि ही मोठी झाली की म्हणंल, अव्वानं मला आईजवळ जाऊ दिलं न्हाई. मी काय तोंड दाखवू गं?”

शर्वरी मूग निवडत राहिली.

“पहिल्या दिवसापासून मला वाटतंय, दार उघडावं,” अव्वा म्हणाली. “त्ये टोचालंय ते काय दुखत न्हाई. त्या बाई खरं बोलल्या.” मग तिनं सुनेकडे निरखून पाहिलं. “पण तू का म्हणालीस आज? काय झालंय का पोरीला?”

सांगायची वेळ तीच होती. मूग समोर होते, घरात कुणी नव्हतं, आणि विचारणारी बाई खरं विचारत होती. पण खरं सांगितलं की जाणं संपलं. तिकडची खोली, प्रयोगशाळा, काचेतली बाळं, आणि तिथल्या पाळणाघरात बूट घालून जाणारी स्वस्ति, जिचं चित्र शर्वरीनं इतकी वर्षं उशाला घेऊन झोप काढली होती.

“काही नाही,” शर्वरी म्हणाली. “जरा गप्प असते.”

अव्वा तिच्याकडे बघत राहिली. सुनेला जे आलेखावरून कळलं होतं ते तिला कशावरून कळलं होतं कोण जाणे. पण कळलं होतं.

“शहाणी झालीया,” अव्वा म्हणाली आणि सूप उचललं.

“हो,” शर्वरी म्हणाली.

शेवटची चाचणी राहिली होती. ती पट्ट्यावरची नव्हे, डोळ्यांनी बघायची. हेलविगनी सांगितलं तसं बैठकीतलं सगळं सामान भिंतीकडे सरकवलं. मधोमध सतरंजी, तिच्यावर स्वस्ति आणि लाकडी ठोकळे. एका भिंतीशी अव्वा, दुसऱ्या भिंतीशी सम्मेद, तिसऱ्या भिंतीशी शर्वरी, आणि चौथ्या भिंतीवर पडद्यात हेलविग. कुणी बोलायचं नाही, बोलवायचं नाही. मूल खेळात रमलं की एक आवाज होईल. मूल कुणाकडे जातं एवढंच बघायचं.

स्वस्ति रमली. तिनं ठोकळ्यावर ठोकळा ठेवला. तिसरा ठेवताना जीभ ओठाबाहेर आली होती.

स्वयंपाकघरातली अख्खी मांडणी कोसळावी तसा आवाज झाला. अगोदर माहीत असूनही सम्मेद दचकला.

स्वस्तीचे खांदे कानापर्यंत गेले. हातातला ठोकळा पडला. अव्वा अर्धी उठली होती. तिचा एक हात पुढे गेला होता, आणि त्या हातावरचा पट्टा टोचला असणार, कारण ती तशीच वाकलेली थांबली, मग खाली बसली आणि तो हात मांडीखाली दाबून धरला. शर्वरीचे दोन्ही हात उघडले होते. ते तिनं उघडले नव्हते, आपोआप उघडले होते. स्वस्तीची नजर त्या हातांवरून गेली, कपाटावरून गेली, पप्पांवरून गेली. मग ती उकिडवी बसली, दोन्ही तळवे स्वतःच्या कानांवर घट्ट धरले, डोळे जमिनीला लावले आणि आवाज संपायची वाट बघत राहिली.

आवाज संपला. तिनं एक हात काढून खात्री केली. मग पडलेला ठोकळा उचलला आणि तिसरा ठेवला.

पडद्यात हेलविग टाळ्या वाजवत होत्या.

“अभिनंदन,” आवाज म्हणाला. “अपत्य पितामहीकडे धावले नाही. आसक्तीचे निवारण झाले आहे. प्रवासास अनुमती देण्यात येत आहे.”

“झालं!” सम्मेद म्हणाला. तो कुणाकडेच बघत नव्हता. “सुटलो. बघितलं का, घाबरलीसुद्धा न्हाई!”

“देवाची कृपा,” अव्वा म्हणाली. तिचा हात अजून मांडीखालीच होता.

“मातेची संमती केवळ तोंडी हवी आहे,” आवाज म्हणाला. “यात आपल्या अपत्याचे कल्याण आहे, असे आपणांस वाटते काय?”

एका शब्दाचं काम होतं. हेलविग पेन उचलून, हसऱ्या चेहऱ्यानं वाट बघत होत्या. शर्वरीनं अव्वाकडे पाहिलं, मग सम्मेदकडे. दोघांच्याही नजरा सतरंजीवर होत्या, जिथे चौथा ठोकळा तिसऱ्यावर नीट बसत होता.

“घाबरली,” शर्वरी म्हणाली.

पडद्यातल्या आवाजानं ते त्यांच्या भाषेत सांगितलं. हेलविगचं हसू जरा अडखळलं. सम्मेदनं मान वर केली.

“शर्वरी,” तो म्हणाला, “हो म्हण नुसतं.”

“घाबरली होती ती, सम्मेद. खूप घाबरली होती. जायचं कुणाकडे, ते तिला कळलं नाही.” तिनं उघडे हात मिटून मांडीवर घेतले. “अव्वांकडून आपण तिला सोडवली. माझ्याकडे ती आलीच नाही. माझी पोर आता कुणाचीच राहिली नाही.”